मेमटेस्ट८६ प्लस आणि ‘मेममॅप’: बोर्डावर सोल्डर केलेल्या खराब रॅमवरचा उपाय

लॅपटॉपची रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असेल आणि तिचा एखादा कोपरा खराब निघाला, तर यंत्र भंगारात काढण्याआधी दोन गोष्टी करून बघा, असं मी आता विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते. एक म्हणजे मेमटेस्ट८६ प्लस हा तपासणीचा प्रोग्रॅम. दुसरी म्हणजे लिनक्स कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, ‘मेममॅप’ ही सेटिंग, जी ग्रब या बूटलोडरमधून (यंत्र चालू होताना कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅममधून) द्यायची असते. दोन्ही फुकट आहेत. पहिली गोष्ट रॅम नेमकी कुठे बिघडली आहे ते सांगते, दुसरी कर्नलला तेवढ्या जागेला हात लावू देत नाही. माझा रोजचा कामाचा लॅपटॉप यावर चालतोय आणि त्यावरून छपाईला गेलेली पुस्तकं स्वच्छ आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

मी मिरजेत डीटीपीचं काम करते. पुस्तकं, दिवाळी अंक, शाळांच्या स्मरणिका, हंगामात लग्नपत्रिका. यंत्र ८ जीबी रॅमचं, त्यावर लिनक्स मिंट, मजकुराचं काम लिब्रेऑफिसमध्ये. कंपनीचं नाव देत नाही. रॅमची चिप कुठल्याही कंपनीच्या यंत्रात बिघडू शकते.

बिघाड कळला तो अक्षरांवरून. एका कादंबरीच्या प्रुफात ‘तार’चं ‘दार’ झालेलं होतं. पुढे एका पानावर ‘बाळाला’ऐवजी ‘माळाला’, आणखी पुढे ‘वारा’च्या जागी ‘वाला’. लेखकाने ईमेलने पाठवलेली मूळ फाइल उघडली, तर तिच्यात सगळं बरोबर. स्पेलचेक यातलं काहीच पकडत नाही, कारण दार, माळ हेही शब्दच आहेत. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणणाऱ्या कन्व्हर्टरचा हा घोळ नव्हता. कन्व्हर्टर एखादं अक्षर चुकवतो तेव्हा ते सगळीकडे चुकवतो. इथे शेकडो पानांत मोजकीच अक्षरं बदललेली, आणि तीही दरवेळी वेगळ्या जागी.

मी मूळ आणि बदललेल्या अक्षरांचे युनिकोड क्रमांक शेजारी शेजारी लिहून काढले. त चा क्रमांक २३४०, द चा २३४२. ब चा २३४८, म चा २३५०. र चा २३५२, ल चा २३५४. नंतर एका ठिकाणी क चा ग झालेला सापडला: २३२५ आणि २३२७. फरक दरवेळी नेमका २. आणि उलट दिशेने एकदाही नाही. द चा त किंवा म चा ब कुठेच झालेला नव्हता. हे आकडे शून्य-एकच्या रूपात लिहिले की शेवटून दुसरं घर दोनचं असतं. ज्या अक्षरात ते घर शून्य होतं तिथे एक बसत होता, आणि ज्यात आधीच एक होता ती अक्षरं शाबूत राहत होती. सॉफ्टवेअर अशी चूक करत नाही. रॅमचं एक बिट एकवर अडकलं की हे असं होतं. इंग्रजीत काम करणाऱ्याला असाच बिघाड झाला तर त्याला बहुधा निरर्थक अक्षरं दिसतील. देवनागरीच्या तक्त्यात मात्र दोन घरं पुढे अनेकदा दुसरं रोजच्या वापरातलं व्यंजन बसलेलं आहे, त्यामुळे चूक शहाण्यासारखी दिसते आणि म्हणूनच जास्त धोक्याची आहे.

दुरुस्तीवाल्याकडे गेले. चांगला, स्पष्ट बोलणारा माणूस. त्याने पाठ उघडून दाखवली आणि म्हणाला, ‘‘ताई, पट्टी असती तर दोन मिनिटांत बदलून दिली असती. ही चिप बोर्डावर आहे. रिबॉलिंग, म्हणजे चिप काढून पुन्हा सोल्डर करून बघता येईल, पण गॅरंटी देणार नाही.’’ बोर्ड बदलायचा खर्च यंत्राच्या निम्म्या किमतीच्या वर जात होता.

आता मेमटेस्ट८६ प्लसबद्दल. नावात गोंधळ आहे, तो आधी सोडवते. मूळ मेमटेस्ट८६ ख्रिस ब्रॅडी यांनी १९९४ च्या सुमारास लिहिला. त्याची एक वाट पुढे पासमार्क या कंपनीकडे गेली, ती आजची ‘मेमटेस्ट८६’. दुसरी वाट २००४ मध्ये सॅम्युअल डेम्युलमीस्टर यांनी काढली, ती ‘प्लस’वाली, पूर्ण मुक्त. मधली बरीच वर्षं प्लस मागे पडलेला होता, यूईएफआय (जुन्या बायोसच्या जागी आलेली, यंत्र सुरू करण्याची नवी पद्धत) असलेल्या यंत्रांवर तो सुरूच होत नसे. २०२२ मध्ये मार्टिन व्हिटेकर यांच्या पीसीमेमटेस्टच्या पायावर सहावी आवृत्ती आली आणि ती अडचण संपली. मी सातवी वापरली. पेनड्राइव्हवर टाकायची, त्यावरून यंत्र सुरू करायचं, बस. माझ्या यंत्रात त्यासाठी सिक्युअर बूट (फक्त मान्यताप्राप्त सहीचे प्रोग्रॅम सुरू होऊ देणारं कुलूप) बंद करावं लागलं.

प्रोग्रॅम दिसायला जुन्या एसटीडी बूथमधल्या पडद्यासारखा आहे, निळा आणि आकड्यांनी भरलेला, पण काम अतिशय नेटकं. तो प्रत्येक घरात ठरावीक नमुने लिहितो, परत वाचतो, उलटे करून पुन्हा लिहितो. शेवटची ‘बिट फेड’ चाचणी नमुना लिहून काही वेळ थांबते आणि मग बघते की कुठे काही उतरलं का. थांबण्यामागे कारण आहे. रॅमचं प्रत्येक घर म्हणजे एक अतिसूक्ष्म कपॅसिटर, त्यातला भार सतत गळत असतो, आणि तो साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी पुन्हा भरला जातो. उष्णता वाढली की गळती वाढते. म्हणून चाचणी रात्री पंख्याखाली चालवून समाधान मानू नका. मी ती मे महिन्यात, भर दुपारी, यंत्र तापलेलं असताना चालवली, आणि सकाळी स्वच्छ गेलेल्या चाचण्यांतही दुपारी चुका दिसल्या. एक फेरी पुरत नाही. संध्याकाळपासून सकाळपर्यंत जेवढे तास होतात तेवढे तरी चालू ठेवावी.

या प्रोग्रॅमचा सगळ्यात उपयोगी भाग लोक बघतच नाहीत. चुका कशा दाखवायच्या ते सेटिंगमध्ये बदलता येतं. एकेक चूक, नुसता गोषवारा, ‘बॅडरॅम’चे नमुने, लिनक्सच्या मेममॅपसाठी तयार मजकूर, किंवा विंडोजसाठी खराब पानांचे क्रमांक. विंडोजच्या अंगच्या मेमरी डायग्नोस्टिकपेक्षा हा मला इथेच उजवा वाटतो. विंडोजचा प्रोग्रॅम रॅम खराब आहे एवढं सांगतो, कुठे ते सांगत नाही. माझ्या यंत्रात सगळ्या चुका ६७१९ व्या एमबीच्या आत निघाल्या, आणि प्रत्येकीत बिट तेच. अक्षरांवरून जे हाती लागलं होतं त्यावर शिक्का बसला.

पुढचा प्रश्न ती जागा टाळायची कशी. शोधायला गेलं की पहिलं उत्तर ‘बॅडरॅम’ मिळतं. या कल्पनेला मान दिलाच पाहिजे. रिक व्हॅन रेन यांनी पंचवीसएक वर्षांपूर्वी लिनक्स कर्नलसाठी तो पॅच (कर्नलला वरून जोडायचा तुकडा) लिहिला, तो मुख्य कर्नलमध्ये कधी घेतला गेला नाही, पण ग्रबने ती आज्ञा उचलली. ग्रबच्या सेटिंग फाइलमध्ये आजही बॅडरॅमची एक ओळ नमुन्यादाखल पडून असते. तिच्यात पत्ता आणि मुखवटा अशी जोडी द्यायची: पत्त्यातले कोणते बिट जुळलेच पाहिजेत आणि कोणते काहीही चालतील हे मुखवटा ठरवतो. एका ओळीत नियमित अंतरावरची शेकडो खराब घरं सांगता येतात, फार हुशार रचना आहे. पण आजच्या यंत्रांवर मी तिची शिफारस करणार नाही. यूईएफआय पद्धतीने सुरू होणाऱ्या यंत्रात कर्नल रॅमचा नकाशा थेट फर्मवेअरकडून (बोर्डावरच्या मूळ प्रोग्रॅमकडून) घेतो, ग्रबने आपल्या नकाशात केलेली खाडाखोड त्याच्यापर्यंत पोचतच नाही. शिवाय २०२१ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून सिक्युअर बूट चालू असताना ही आज्ञा ग्रबमध्ये बंदच करण्यात आली. माझ्या लॅपटॉपवर ती ओळ लिहून काहीही फरक पडला नाही. जुन्या बायोसवर सुरू होणाऱ्या डेस्कटॉपसाठी ती अजून चांगली.

मेममॅपचं तसं नाही. ती ग्रबची आज्ञा नसून कर्नलला दिलेली सूचना आहे. ग्रब फक्त निरोप पोचवतो, अंमल कर्नल स्वतः करतो. त्यामुळे बायोस असो की यूईएफआय, ती चालते. रचना सोपी: आधी किती जागा सोडायची, मग डॉलरचं चिन्ह, मग कुठून. दोन्ही आकडे एमबीत देता येतात, हेक्साडेसिमलच्या भानगडीत पडायची गरज नाही. मी ६७१८ एमबीपासून ४ एमबी सोडले, म्हणजे खराब एमबीच्या दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा. ८ जीबीतले ४ एमबी म्हणजे दोन हजारांतला एक भाग सुद्धा भरत नाही. खराब घराचे शेजारी पुढेमागे बिघडण्याची शक्यता असते, तेव्हा हात आखडता घेऊ नये.

ही सूचना ‘इटीसी’मधल्या ‘डिफॉल्ट’ फोल्डरात ‘ग्रब’ नावाची फाइल असते तिच्यात, ‘ग्रब सीएमडीलाइन लिनक्स डिफॉल्ट’ या ओळीच्या अवतरणचिन्हांत घालायची. आणि इथेच अनेकांचा उपाय वाया जातो, म्हणून जरा थांबते. डॉलरचं चिन्ह शेलसाठीही (लिनक्सच्या आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्रॅम) खास आहे आणि ग्रबसाठीही. नुसतं लिहिलं तर ते चिन्ह आणि त्यानंतरचा आकडा दोघे मिळून गिळून टाकतात, कर्नलला अर्धवट सूचना जाते आणि हवी ती जागा राखली जात नाही. त्या फाइलमध्ये डॉलरच्या आधी तीन उलट्या तिरक्या रेघा लागतात:

मेममॅप=४एम\\\$६७१८एम

टाइप अर्थातच रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत, मधे कुठेही मोकळी जागा न सोडता. मग ‘अपडेट-ग्रब’ ही आज्ञा चालवायची आणि यंत्र पुन्हा सुरू करायचं. खराब जागा एकापेक्षा जास्त असतील तर स्वल्पविरामाने जोडता येतात. चारपर्यंत ठीक, त्याहून जास्त झाल्या तर कर्नल सुरक्षेसाठी स्वतःची जागा दरवेळी बदलतो ते सोडून देतो. माझ्या मते इतकी ठिकाणं निघत असतील तर ती चिप निकामी होत चालली आहे, तिच्यावर काम करू नये.

सेटिंग लागू झाली का हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका. ‘डीमेसेज’ या आज्ञेने दिसणाऱ्या नोंदींच्या सुरुवातीला कर्नल आधी फर्मवेअरने दिलेला नकाशा छापतो, आणि त्याखाली ‘वापरकर्त्याने ठरवलेला’ दुसरा नकाशा. तुमची जागा तिथे ‘रिझर्व्ह्ड’ म्हणून दिसली पाहिजे. मी त्यानंतर चालत्या यंत्रात ‘मेमटेस्टर’ या प्रोग्रॅमने जवळजवळ सगळी मोकळी रॅम तपासली, आणि एका मोठ्या फाइलचा एसएचए-२५६ बेरजांक (फाइलच्या मजकुरावरून निघणारी ओळखखूण) पुन्हा पुन्हा काढला. पूर्वी तो मधूनच वेगळा यायचा, आता तसूभर हलत नाही. एक सांगून ठेवते: पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ प्लस पुन्हा लावला तर त्याच चुका तो परत दाखवेलच, त्याने घाबरू नका. तो कर्नलच्या आधी चालतो, त्याला तुमची सूचना माहीत नसते.

कर्नलमध्ये ‘मेमटेस्ट’ नावाची दुसरीही सूचना आहे. ती सुरू होतानाच रॅमवर काही नमुने फिरवते आणि सापडलेली खराब जागा आपोआप बाजूला ठेवते. ऐकायला ही जास्त सोयीची. पण दरवेळी सुरू व्हायला उशीर लागतो, आणि थंड यंत्रावर झटपट केलेली तपासणी माझ्यासारखा उन्हात डोकं वर काढणारा दोष सोडून देऊ शकते. मी ती ठेवली नाही.

विंडोजवाल्यांनाही वाट आहे. ‘बीसीडीएडिट’ या विंडोजच्या आज्ञेने ‘बॅडमेमरीलिस्ट’मध्ये खराब पानांचे क्रमांक घालायचे. पान ४ केबीचं असतं, आणि क्रमांक मेमटेस्ट८६ प्लस तयार देतो. एका मैत्रिणीच्या लॅपटॉपवर हे केलं, तिथे मायक्रोसॉफ्टच्याच रॅममॅप या प्रोग्रॅममध्ये ‘बॅड’ या रकान्यात ती पानं दिसतात. काम होतं, पण एकेक पान लिहायचं म्हणजे आजूबाजूची मोकळी जागा सोडणं जिकिरीचं. मेममॅप मला जास्त आवडते ती यासाठीच.

हा उपाय कुठे करू नये तेही तितक्याच आग्रहाने सांगते. रॅमची पट्टी काढता येत असेल तर सरळ बदला. आमच्या शेजारच्या झेरॉक्सवाल्या दादांचा पीसी असाच अडकत होता, त्यांना मी मेममॅपचं नावही काढू दिलं नाही, नवी पट्टी घ्यायला लावली. बँकेचे हिशेब, दवाखान्यातल्या नोंदी असं काही यंत्रावर असेल तर खराब चिपवर काम करूच नये. तिथे ईसीसी रॅमचं यंत्र असावं, जे एका बिटाची चूक स्वतःच दुरुस्त करतं. गूगलच्या सर्व्हरांवर झालेल्या २००९ च्या अभ्यासात दरवर्षी ८ टक्क्यांहून जास्त मेमरी पट्ट्यांत चुका नोंदल्या गेल्या होत्या. त्या नोंदता आल्या, कारण तिथे ईसीसी होती. आपल्या लॅपटॉपमध्ये त्या कुणी नोंदत नाही. आणि खराब जागा फर्मवेअरने किंवा इंटिग्रेटेड ग्राफिक्सने स्वतःसाठी राखलेल्या भागात असेल, किंवा अगदी सुरुवातीच्या काही एमबीत असेल जिथे बूटलोडर उतरतो, तर कर्नलला सांगून उपयोग नाही. तोवर व्हायचं ते नुकसान होऊन गेलेलं असतं.

जागा राखली तरी आधी बिघडलेल्या फाइली आपोआप दुरुस्त होत नाहीत. बॅकअपही त्याच रॅममधून गेलेला असतो. मी लेखकांच्या ईमेलमधल्या मूळ फाइली आणि माझ्याकडच्या ताज्या फाइली ‘डिफ’ या फरक दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला दिल्या, आणि संपादनाचे बदल सोडून फक्त एका अक्षराचा, फरक २ असलेला बदल जिथे आहे त्या ओळी वेगळ्या काढल्या. ‘ी’चा ‘ू’ झालेलाही त्यात सापडला (२३६८, २३७०). हे काम कंटाळवाणं आहे, पण ज्याच्या नावावर पुस्तक छापलं जाणार त्याच्यासाठी ते करायलाच हवं. छापलेल्या पुस्तकातलं चुकीचं अक्षर परत घेता येत नाही.

राहिली एक गोष्ट, जी मला कुठेच नीट लिहिलेली दिसली नाही. ही सेटिंग डिस्कवरच्या एका फाइलमध्ये असते. नवी लिनक्स टाकलीत की ती गेली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नवी प्रणाली बसवणारा इन्स्टॉलर पेनड्राइव्हवरून चालतो, त्याला ही जागा ठाऊक नसते, आणि तो सगळ्या फाइली त्याच खराब रॅममधून डिस्कवर उतरवतो. म्हणून पेनड्राइव्हचा मेनू दिसताच ‘ई’ दाबायचं, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी हीच सूचना हाताने लिहायची आणि कंट्रोल-एक्स करायचं. इथे मधे शेल नसतो, फक्त ग्रब असतो, तेव्हा डॉलरच्या आधी तीन नाही, एकच तिरकी रेघ. बायोस अपडेट केलं किंवा रॅमशी संबंधित सेटिंग बदललं तर पत्ते सरकू शकतात, मग मेमटेस्ट८६ प्लस नव्याने चालवा. माझ्या यंत्राच्या पाठीवर ‘६७१८ पासून ४ एमबी’ अशी चिठ्ठी चिकटवलेली आहे, म्हणजे माझ्या मागे दुसऱ्या कुणी यंत्र फॉरमॅट केलं तरी त्याला ती दिसेल.